पाहुणा घरचा कधी होतो?

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी सोमाटणे आणि रसायनी मागे टाकून आपट्याला थांबते. १९६६ साली रूळ इथवर आले ते आसपासच्या कारखानदारीसाठी. ते पुढे रोह्यापर्यंत जायला १९८६ उजाडलं. मधली वीस वर्षं आपटा हेच शेवटचं स्टेशन होतं. शेजारी पाताळगंगा, जवळच कर्नाळ्याचा सुळका, फलाटावर बेताची वर्दळ. २० ऑक्टोबर १९९५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या चित्रपटातला गाडीमागे धावण्याचा शेवटचा प्रसंग याच फलाटावर चित्रित झाला. पडद्यावर मात्र ते पंजाबातलं स्टेशन आहे. जगभरच्या कोट्यवधी प्रेक्षकांनी आपटा पाहिलंय, आणि त्यांतल्या फार थोड्यांना आपटा माहीत आहे.

पाहणं आणि माहीत असणं यांतलं हे अंतर कमी कसं होतं, हा या लेखाचा विषय आहे. परदेशात हॉटेलात उतरणं एक, वसतिगृहात राहणं दुसरं, आणि तिथल्या एखाद्या कुटुंबात त्यांच्या घड्याळाप्रमाणे उठत, त्यांच्या टेबलावर जेवत काही महिने काढणं तिसरं. या तिसऱ्या प्रकारातून परक्या समाजाची संस्कृती खरोखर कळते का? कळत असेल तर कशामुळे? त्याच चित्रपटाच्या उत्तरार्धात एक उत्तर दडलेलं आहे. लंडनमध्ये वाढलेला तरुण पंजाबात पाहुणा म्हणून उतरतो आणि नायिकेच्या घरातल्या एकेका माणसाच्या मनात जागा मिळवतो. बायकांच्या कामात हात घालतो, पहाटे कबुतरांना दाणे टाकणाऱ्या तिच्या वडिलांशेजारी जाऊन उभा राहतो. त्याला घरात प्रवेश मिळतो तो असल्या लहानसहान कामांतून. मराठी माणसांचा या बाबतीतला एकशे चाळीस वर्षांचा अनुभव तपासला, तर तोही जवळपास हेच सांगतो.

सुरुवात आपट्यापासून फार लांब नसलेल्या कल्याणपासून करावी लागते. ३१ मार्च १८६५ रोजी तिथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशी परदेशी कुटुंबात राहिल्या, त्याची मराठीतली सर्वांत भरघोस नोंद त्यांच्या पत्रांतून आणि चरित्रांतून आपल्यापर्यंत आली आहे. गोपाळराव जोशांनी कोल्हापूरच्या मिशनऱ्यांना पत्र लिहून पत्नीच्या अमेरिकेतल्या शिक्षणासाठी मदत मागितली. हा पत्रव्यवहार एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला. आधी ख्रिस्ती व्हा, असा मिशनऱ्यांच्या उत्तराचा सूर होता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या, तिथे हा अंक त्यांच्या हाती लागला. त्यांनी पत्र लिहिलं. पुढची जवळजवळ तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली.

ही तीन वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा त्या एका अनोळखी बाईकडे चालल्या नव्हत्या. आपल्याकडची लग्नं, सण, खाणंपिणं, बायकांचं जगणं यांविषयी त्यांची पानंच्या पानं लिहून झाली होती आणि तिकडच्या प्रश्नांना उत्तरं देऊन झाली होती. त्यामुळे पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंना एकमेकांची निदान अर्धी ओळख होती. आज विद्यार्थी अदलाबदलीच्या संस्था मुलाकडून यजमान कुटुंबासाठी पत्र लिहून घेतात, ते याच कारणासाठी. पण ते एखादं पत्र असतं आणि बहुतेक वेळा आई-वडिलांनी सुधारलेलं असतं.

रोझेलच्या घरात आनंदीबाई त्या वर्षीचा उन्हाळा राहिल्या. त्यांनी शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही, धर्म सोडला नाही. निघण्यापूर्वी सेरामपूरच्या भाषणात त्यांनी हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं जाहीर केलं होतं. यांतलं काही सोडण्यासाठी कार्पेंटरबाईंनी कधी तगादा लावला नाही, आणि हे त्या काळी सोपं नव्हतं. आपल्या वागण्याने या मुलीचा धर्म बदलता येईल असं मानणारी माणसं आजूबाजूला पुष्कळ होती. आनंदीबाईंनी त्या घरात स्वयंपाक केला, तिथल्या मुलींशी त्या खेळल्या, घरच्या कामाला त्यांनी हात लावला, आणि कार्पेंटरबाईंना त्यांनी मावशी मानलं. परक्या देशात राहताना हे नातं जोडणं मला भाषेइतकंच मोठं वाटतं. ‘मिसेस कार्पेंटर’शी फक्त नीट वागायचं असतं. मावशीवर रुसता येतं, तिच्याजवळ रडता येतं, तिचं चुकलं तर सांगता येतं. ऑक्टोबरात त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तरी घर म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे रोझेलच राहिलं. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली.

पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्यांचा अनुभव याच काळातला, पण वेगळ्या जातीचा. १८८३ साली त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथे सेंट मेरी द व्हर्जिन या पंथाच्या भगिनींकडे राहिल्या. तिथे माया होती, पण ते घर नव्हतं, मठ होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर आश्रयदात्यांशी त्यांचे वाद वाढतच गेले. त्रैक्याच्या सिद्धान्तापासून ताटातल्या पदार्थांपर्यंत. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि हे भगिनींना खटकत राहिलं. ज्याच्या छताखाली राहतो त्याला आपण अमुक व्हावं असं वाटत असेल, तर प्रत्येक घासाला अर्थ चिकटतो. तरीही रमाबाईंची नजर इतकी तल्लख होती की पुढे अमेरिकेत फिरून त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक १८८९ साली लिहिलं. तिथलं राज्य, शाळा, बायकांच्या संस्था यांच्याबरोबर तिथली घरं आणि घरगुती रीतीही त्यांनी मराठी वाचकापुढे मांडल्या. आपल्याकडे नंतर प्रवासवर्णनांचा पूर आला, त्यात देखणी शहरं आणि भेटलेली माणसं पुष्कळ आहेत. स्वयंपाकघरापर्यंत गेलेली पानं त्या मानाने कमी आहेत, असं मला वाटतं.

परक्याच्या घरी राहून शिकणं ही कल्पना आपल्याला पाश्चात्त्यांनी दिली असं मात्र नाही. पुण्यासारख्या गावात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवसांची सात घरं. कुठे प्रेमाने वाढलं जाई, कुठे पोराला पाट देताना कपाळाला आठी पडे. सात घरांच्या सात रीती पोटातून शिकलेली ती पिढी होती. या व्यवस्थेला जातीची भिंत होती आणि ती भक्कम होती. वार मिळे तो ठरावीक जातीच्या मुलाला, ठरावीक जातीच्या घरात.

म्हणून या विषयाचा आढावा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वगळून घेता येत नाही. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली आणि नवल भथेना यांच्यासारखा जन्माचा मित्र मिळाला. १९१७ साली परतून बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. ओळखीच्या माणसांकडे त्यांनी आसरा मागितला, त्यांनीही सबबी सांगितल्या. पुढे १९२१-२२ साली लंडनमध्ये शिकताना ते १०, किंग हेन्रीज रोड इथल्या घरात भाड्याने राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली ते घर विकत घेतलं आणि आज तिथे स्मारक आहे. परदेशातल्या घरात उपरं वाटणं हा अनेकांचा अनुभव असतो. परदेशातल्या घरात पहिल्यांदा माणूस म्हणून निवांत वाटणं हा आपल्याच समाजातल्या लाखोंचा अनुभव असू शकला असता, आणि तो त्यांना मिळाला नाही कारण तिथवर पोहोचण्याची वाटच बंद होती. घर उघडं असणं किंवा नसणं ही संस्कृतीची पहिली खूण आहे. पुरणपोळी आणि लेझीम त्यानंतर येतात.

विसाव्या शतकात या घरगुती गोष्टीला संस्थांचं रूप आलं. अमेरिकेत डोनाल्ड वॉट यांनी १९३२ साली ‘एक्स्पेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ सुरू केलं. परक्या देशातल्या लोकांबरोबर राहूनच त्यांच्याबरोबर राहायला शिकता येतं, ही त्यामागची धारणा, आणि यजमान कुटुंब हा तिचा कणा बनला. तरुणपणी याच कार्यक्रमातून युरोपात गेलेले सार्जंट श्रायव्हर पुढे पीस कोअरचे पहिले प्रमुख झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या संघटनेने, म्हणजे एएफएसने, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली शाळकरी मुलांची अदलाबदल सुरू केली. जखमी पाहिलेल्या माणसांना असं वाटणं साहजिक होतं की मुलं एकमेकांच्या घरी राहिली तर पुन्हा एकमेकांवर बंदुका रोखणार नाहीत. १९४९ साली डेन्मार्कमध्ये याच शांततावादी विचारातून सर्व्हास उभी राहिली. तिच्यात पाहुणा दोन रात्री राहतो, पैशाचा व्यवहार होत नाही, आणि सदस्य करून घेण्यापूर्वी प्रत्यक्ष मुलाखत होते. २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकी सरकारने केनेडी-लुगर शिष्यवृत्ती काढली. तिच्यातून भारतातली मुलंही अमेरिकी घरांत राहून आली. यांतले बहुतेक उपक्रम एखाद्या युद्धाच्या किंवा हिंसेच्या सावलीत जन्मले, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांना सर्वांत ओळखीचं नाव रोटरीचं. पुणे आणि रायगड जिल्हे मिळून रोटरीचा ३१३१ हा प्रांत होतो, म्हणजे पनवेल-आपटा परिसर त्यातच आला. साधारण पंधरा ते अठरा-एकोणीस वर्षांची मुलं वर्षभरासाठी जातात-येतात. मूल एका वर्षात बहुधा दोन-तीन घरं बदलतं. याची तक्रार करणारे पालक असतात, पण ही व्यवस्था शहाणपणाची आहे. एकाच घरात राहिलेला मुलगा ‘जर्मन लोक असे असतात’ असं सांगत परततो. तीन घरांत राहिलेल्याला कळतं की एका घरी रविवारी चर्च असतं, दुसऱ्या घरी त्याच वेळी फुटबॉल, आणि दोन्ही घरं तितकीच जर्मन आहेत. यजमानांना राहण्या-जेवणाचे पैसे मिळत नाहीत. दारू, अमली पदार्थ, वाहन चालवणं आणि प्रेमप्रकरणं या चार गोष्टींना मनाई असते. नियम कडक वाटतात, पण परक्या घरात अल्पवयीन मूल ठेवायचं तर कडकपणाच हवा. यजमान घराची पूर्वतपासणी, मुलाला एकांत मिळेल अशी झोपायची जागा, आणि घरच्यांव्यतिरिक्त ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता येईल असा एक समुपदेशक, या तीन गोष्टींत तडजोड करणाऱ्या कोणत्याही संस्थेकडे, मग तिची माहितीपुस्तिका कितीही गुळगुळीत असो, पालकांनी मूल सोपवू नये.

पैसे देऊन घरात राहण्याचे प्रकार वेगळे. इंग्लंडमधल्या भाषाशाळा विद्यार्थ्यांना ज्या घरांत ठेवतात, तिथे खोली आणि दोन वेळचं जेवण ठरलेल्या दरात मिळतं. काही घरं खरोखर घरं असतात, काहींत विद्यार्थी येतो-जातो आणि यजमानीणबाई फक्त चादरी बदलते. ओ पेअर हा त्याच्या उलट प्रकार. जर्मनीत सत्तावीसच्या आतली तरुण मुलं-मुली कुटुंबात राहून त्यांची लहान मुलं सांभाळतात. आठवड्याला तीस तासांच्या आत काम, स्वतःची खोली, हातखर्च. मराठी घरांतून ओ पेअर म्हणून जाण्याचा विचार निघाला की ‘तिकडे जाऊन लोकांची पोरं सांभाळायची?’ हा प्रश्न पहिला येतो. त्यात आपल्याच घरकामाविषयीचा तुच्छतेचा भाव बोलतो. भाषा सर्वांत झपाट्याने लहान मुलांकडून येते, कारण ती तुमची चूक पोटात घालत नाहीत, लगेच दुरुस्त करतात.

परक्या घरात रोज काय घडतं? पहिला खटका आग्रहाचा. आपल्याकडे पाहुण्याने दोनदा नको म्हणायचं असतं आणि घरच्या बाईने तिसऱ्यांदा वाढायचं असतं. अमेरिकेत किंवा हॉलंडमध्ये नको म्हटलं की भांडं पुढे सरकतं. संकोची मराठी मुलं पहिल्या आठवड्यात अर्धपोटी राहतात ती यामुळे, आणि यजमानांना वाटतं मुलाला आपलं जेवण आवडत नाही. दुसरा खटका दाराचा. तिकडे खोलीचं दार लावलेलं असणं यात राग नसतो. आपल्या घरी दुपारी दार लावून बसलेल्या मुलीला आई तीनदा विचारते, बरं वाटत नाही का? तिसरा वेळेचा. जर्मन घरात संध्याकाळी पाव, चीज, थंड मांस असं रात्रीचं जेवण उरकतं आणि साडेआठला पोटात कावळे ओरडायला लागतात. रविवारी कपडे धुण्याचं यंत्र लावलं किंवा भिंतीत खिळा ठोकला तर शेजारी येऊन सांगतात. जपानी घरात आंघोळीच्या टबातलं गरम पाणी घरातल्या सगळ्यांसाठी एकच असतं. साबण लावून, अंग धुऊन मगच त्यात उतरायचं. हे न कळता कुणी थेट टबात उतरला तर घरभर अवघड शांतता पसरते.

हे खटके म्हणजेच संस्कृती. वस्तुसंग्रहालयात जपानी किमोनो पाहून जे कळत नाही ते त्या टबाच्या पाण्यावरून कळतं: शेवटच्या माणसापर्यंत पाणी स्वच्छ राहिलं पाहिजे. म्हणून माझं असं ठाम मत झालं आहे की यजमानांनी पाहुण्याला जितकं फिरवावं तितकं तो घराबाहेर राहतो, आणि जितकं काम सांगावं तितका आत येतो. कचरा चार डब्यांत वेगळा करणं, कुत्र्याला फिरवणं, आजीला औषध आणून देणं. असं एखादं काम ज्या दिवशी त्याच्या वाट्याला येतं आणि ते केलं नाही म्हणून कुणी त्याच्यावर चिडतं, त्या दिवशी तो त्या घरचा होतो. चिडणं ही पाहुण्याच्या वाट्याला न येणारी गोष्ट आहे.

मराठी माणूस परदेशात मराठी माणसाच्याच घरी राहिला तर काय होतं, हाही प्रश्न यात येतो. १९८१ साली उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं. त्याच्या दर दोन वर्षांच्या अधिवेशनांना आणि नाटकांच्या दौऱ्यांना जाणारे कलावंत कित्येकदा तिथल्या मराठी कुटुंबांत उतरतात. पाहुणचार उत्तम होतो. पण पाहुण्याला अमेरिका त्यातून थोडीच दिसते. त्याला दिसतो तो ज्या साली ते कुटुंब इथून गेलं त्या सालचा, जपून ठेवलेला महाराष्ट्र. मॉरिशसमध्ये चित्र निराळं आहे. कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे गणपती बसवतात, झाकरी नाचतात आणि रोजचं बोलणं क्रिओलमध्ये बोलतात. तिथल्या मराठी घरात राहणाऱ्याला आपलं आणि परकं यांची सरमिसळ एकाच ताटात मिळते.

आणि रायगडकरांना सर्वांत जवळचं घर कदाचित इस्राएलमध्ये सापडेल. पनवेलमध्ये बेथ एल हे १८४९ सालचं सिनेगॉग आजही उभं आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, केहिमकर ही बेने इस्राएल या इथल्या ज्यू समाजाची आडनावं या पट्ट्यातल्या गावांवरूनच पडली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली, लोद, दिमोना, बीरशेबा अशा गावांत वसली. एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिद्याचं तबक आजही तिथे भरतं. अशा घरी आपला माणूस राहिला तर यजमान आणि पाहुणा यांतलं परकं कोण, हे ठरवणं अवघड जाईल.

आता उलट दिशा. परदेशी माणसं मराठी घरांत राहिली, त्यातून काय झालं? पुण्यात हा प्रयोग अनेक दशकं चालला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या महाविद्यालयांनी मिळून तिथे भारतविद्येचा एक अभ्यासक्रम चालवला. त्याचे विद्यार्थी पुण्यातल्या कुटुंबांत राहत आणि मराठी शिकत. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट ज्या कार्लटन कॉलेजात शिकवत, ते यांपैकीच एक. मॅक्सिन बर्नसन संशोधनासाठी फलटणला आल्या आणि तिथल्याच झाल्या. भारतीय नागरिकत्व घेतलं, शाळा काढली, परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं लिहिली. गुंथर सोंथायमर धनगरांच्या आणि खंडोबाच्या मागे वाड्या-वस्त्या हिंडले. या मंडळींनी आपल्याला आपल्याविषयी सांगितलं ते पुष्कळसं घरांतून आणि अंगणांतून उचललेलं होतं.

पण मराठी घर कोणाला दिलं जातं, याचंही उत्तर द्यावं लागेल. परदेशी मुलाला आपल्या घरी ठेवायला पुढे येणारी कुटुंबं बहुतेक शहरातली, फ्लॅटमधली, इंग्रजी बोलणारी असतात. तो मुलगा वर्षभर पुण्यात राहून आगरी घरातली मासळीची कालवणं, कातकरी वाडीवरचा रानभाज्यांचा हंगाम, शेतावर मळणी होते त्या दिवसाची धांदल यांतलं काहीच न पाहता परततो आणि ‘महाराष्ट्र पाहिला’ म्हणतो. आपटा, रसायनी, तारा, कर्नाळा या पट्ट्यात आगरी, कातकरी, ठाकूर, कुणबी, मुसलमान अशी सगळ्या प्रकारची घरं हाकेच्या अंतरावर आहेत. तारा इथे १९६० च्या दशकापासून युसुफ मेहेरअली सेंटर ग्रामीण कामाचं केंद्र चालवत आहे. वर्षभरातले पंधरा दिवस जरी परदेशी मुलांनी अशा घरांत काढले, तरी त्यांची समज बदलेल. शिवाय ही मुलं येतात बहुधा जुलै-ऑगस्टात, म्हणजे थेट गणपतीच्या तोंडावर. आपट्याच्या पुढे जिते, मग हमरापूर. जोहे-हमरापूरच्या कारखान्यांत त्या वेळी रात्रीचा दिवस करून मूर्ती रंगवल्या जात असतात, आणि परदेशातल्या मराठी घरांसाठीच्या मूर्ती तर त्याआधीच बोटीने रवाना झालेल्या असतात. एखाद्या घरी मोदकाची पारी वळायला बसलेली चिलीची किंवा डेन्मार्कची मुलगी तिसऱ्या मोदकापर्यंत गप्पच असते. कळ्या नीट पडायला लागल्या की ती बोलायला लागते. नंतर दसऱ्याला तिच्या हातात आपट्याचं पान ठेवून तिच्याकडून सोनं घेतलं की तिला देवाणघेवाण म्हणजे काय ते आपसूक कळतं.

यजमान होऊ पाहणाऱ्यांनी कायद्याची बाजू विसरू नये. परदेशी नागरिक घरात राहायला आला की चोवीस तासांच्या आत त्याची नोंद करावी लागते. १८० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर वेगळी नोंदणी लागते. हे काम ऑनलाइन होतं, त्याला घाबरून मागे सरण्यासारखं काही नाही. खरी अडचण घरातच असते. पाहुण्यासाठी आपण आपलं वागणं बदलतो. नवे पडदे लावतो, रोज पनीर करतो, भांडणं दाबतो, इंग्रजीत बोलतो. त्यामुळे पाहुणा एका देखाव्यात राहतो. पिठलं-भाकरी करा, त्याला कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवा, मराठीत बोला, आणि तुमचे आई-वडील त्याच्याशी हातवारे करून बोलत असतील तर मध्ये पडू नका.

२०२५ च्या ऑक्टोबरात नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. ते पनवेल तालुक्यात आहे. जग आता आपट्यापासून रस्त्याने तासाभराच्या अंतरावर उतरतं. त्यांतली बहुतेक माणसं पुढे मुंबईला, गोव्याला जातील. काहींना इथेच उतरवून घेता येईल. त्यासाठी पनवेल-पेण भागातल्या शाळांनी आणि रोटरीसारख्या मंडळांनी गावांतल्या कुटुंबांकडे जाऊन विचारायला हवं, तेही केवळ बंगल्यांत नव्हे, आगरी पाड्यांवर आणि वाड्यांवरही. आणि आपल्या मुलाला परदेशी पाठवणाऱ्यांनी त्याला निघण्यापूर्वी चार गोष्टी घरीच शिकवाव्यात: कुकर लावणं, स्वतःचं ताट धुणं, भूक लागली तर तोंडाने सांगणं, आणि राग आला तर तो दाबून न ठेवता नीट बोलून दाखवणं.

आनंदीबाई परतल्या त्या आजारी होऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या जागेत, त्या घरच्या माणसांशेजारी कल्याणच्या या मुलीच्या नावाचा दगड आजही आहे.